बाबा शेवटी चालायचे

आपल्याकडे थंडी उत्तरेला असते. पुण्यात गारठा वाढला की लोक हात चोळत म्हणतात, 'उत्तरेत बर्फ पडला असणार.' न्यूझीलंडमध्ये सगळं उलटं. इथे जितकं दक्षिणेला जावं तितकी थंडी वाढत जाते, आणि घरात ऊन यावं म्हणून खिडक्या उत्तरेकडे ठेवतात. हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात औषधं देण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, तरी अजून कुणी 'नॉर्थ' म्हटलं की मला आधी स्वेटर आठवतो.

बाबांच्या बाबतीत तर ह्या उलट्या सूर्याने घोटाळाच केला. आई गेल्यावर मी त्यांना पुण्याहून इकडे घेऊन आले. त्यांची नोकरी कारखान्यात होती, पण जीव सगळा किल्ल्यांवर. दर रविवारी पाठीवर पिशवी, बरोबर ओळखीची-अनोळखी माणसं, आणि सह्याद्रीतला कुठला तरी डोंगर. दिशा कळायला त्यांना होकायंत्र कधी लागलं नाही. आकाशाकडे एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, 'गाव त्या अंगाला.' गाव त्या अंगालाच निघायचं.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते सकाळी तळ्यावर फिरायला गेले. परत येताना सवयीने सूर्याकडे बघून वळले आणि बरोबर उलट्या बाजूला चालत सुटले. जेवायची वेळ टळून गेली तरी पत्ता नाही. शेवटी लांबच्या कुठल्या तरी डेअरीतली, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातली बाई त्यांना गाडीत घालून घरी घेऊन आली. बाबा उतरले, तिला हात जोडले आणि मला म्हणाले, "इथे सूर्यच चुकीच्या बाजूने जातो."

मी पोट धरून हसले. ते हसले नाहीत. त्यानंतर एकटे घराबाहेर पडले नाहीत.

मला ते कायमचे इकडेच राहायला हवे होते. त्यांच्या हृदयात स्टेंट आहे, पुण्यातलं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आई नसताना त्या घरात ते एकटे. रात्री-अपरात्री काही झालं तर मी इथून काय करणार? विमानात बसून रडणार. आईच्या वेळी तेच केलं होतं. मी सरळ विचारलं, आडून विचारलं, जावयाकडून विचारून पाहिलं. बाबा ताकाला तूर लागू देईनात. "बघू," म्हणायचे. मे महिन्याचं परतीचं तिकीट त्यांच्या उशाशी असायचं.

मग मला वाटलं, ह्या माणसाला आपण बंगला दाखवतोय, मॉल दाखवतोय, गाईगुरांची कुरणं दाखवतोय. ह्यांना डोंगर दाखवला पाहिजे. डोंगर आवडला की माणूस राहील.

हे डोंगराचं वेड माझ्या लेकीत उतरलं होतं. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. जन्म इथला, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. शाळेच्या कॅम्पांना जाऊन जाऊन ती इथले डोंगर, नद्या आणि बर्फ चांगलं ओळखायला लागली होती. एप्रिलच्या सुट्टीत, म्हणजे इथे थंडी सुरू होताना, दक्षिण बेटावर, डोंगरातल्या एका झोपडीत दोन रात्री राहून, वरच्या खिंडीपर्यंत जाऊन यायचं, असा बेत तिने आखला. नवऱ्याचं बांधकामाचं काम ऐन भरात होतं, तो घरी राहिला. निघालो आम्ही तिघं: आजोबा, नात आणि मध्ये मी.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी लेकीने आजोबांची पिशवी दिवाणखान्यात उलटी केली. आतून सुती शर्ट निघाले, सुती पँट निघाली, सुती बनियन निघाले.

"आजोबा, नो कॉटन."

"का? चाळीस वर्षं ह्याच शर्टांत चढलोय मी."

"इट गेट्स वेट."

"भिजायलाच तर जातो आपण!"

ह्यात त्यांची काही चूक नव्हती. आमच्या सह्याद्रीत भर पावसात जायचं, मनसोक्त भिजायचं, आणि वर गुहेत बसून अंगावरच कपडे वाळवायचे. ओला शर्ट म्हणजे आमच्या लेखी ट्रेक झाल्याची पावती. इथे ओला सुती शर्ट अंगातली ऊब ओढून घेतो आणि माणूस गारठून कोसळतो. लेकीने ते नीट समजावलं आणि शेवटी म्हणाली, "आजोबा, युअर हिल्स आर वॉर्म. माय हिल्स आर नॉट."

'माय हिल्स' ऐकून बाबांनी तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. जावयाचा लोकरी अंगरखा त्यांनी घातला, पण आतून गुदगुल्या होतात अशी कुरकुर क्राइस्टचर्च येईपर्यंत चालू ठेवली.

खाण्यावरूनही तिघांत जुंपली. लेकीने गरम पाणी घालून फुगणाऱ्या जेवणाची पाकिटं आणली होती. मी दशम्या, लसणाची चटणी, मेतकूट आणि तूप घेतलं. तिने दशम्यांची चळत हातात घेऊन "हेवी" असा शेरा मारला. मी म्हटलं, "उचलणार मी आहे, तू नाहीस." बाबांनी आमच्या दोघींच्या नकळत स्टीलचा एक डबा आपल्या पिशवीत कोंबला. त्यात काय होतं ते तिथे पोचल्यावर कळलं. शेंगदाण्याचे लाडू.

क्राइस्टचर्चला विमानातून उतरून भाड्याची गाडी घेतली. सपाट शेतं मागे पडली, मग रस्ता डोंगरात शिरला. जिथे गाडी ठेवायची तिथे नदीचं पात्र एवढं रुंद होतं की आपल्याकडे त्यात एक गाव वसलं असतं. राखाडी गोट्यांचा नुसता समुद्र, आणि त्यातून निळसर पाण्याचे चार-पाच ओहोळ इकडेतिकडे भरकटत चाललेले. वर शेंड्यांना नवा बर्फ. वारा असा की बोलताना दात शिवशिवत होते. बाबांनी गाडीतून उतरून चारी दिशांना पाहिलं. सूर्याकडे मात्र पाहिलं नाही.

"चला," ते म्हणाले. "तुम्ही पुढे. मी शेवटी."

हा त्यांचा जुना नियम. त्यांच्या गटात नवखा असो की कसलेला, बाबांच्या मागे कुणी राहायचं नाही. ते सगळ्यात शेवटी चालणार, म्हणजे कुणी मागे राहून हरवायचा प्रश्नच नाही. लहानपणी मी सगळ्यांच्या पुढे पळायचे. किल्ल्याच्या दरवाजात पोचून खाली ओरडायचे, 'मी आले!' खालून कुणी तरी काळजीने विचारायचं, पोरगी एकटी पुढे गेली, चालेल का? तेव्हा बाबांचा आवाज यायचा, 'तिची काळजी नको, ती पोचते.' त्या वाक्याने माझी छाती फुगायची.

वाट बीच नावाच्या उंच झाडांच्या जंगलात शिरली. झाडांच्या खोडांवर शेवाळाची जाड गोधडी, पायाखाली मऊ, आणि कुठे आवाज म्हणून नाही. थांबलं की चिलटांसारख्या सँडफ्लाय चावायच्या, त्यामुळे थांबायची सोय नव्हती. तरी आम्हांला थांबावं लागत होतं. लेक पुढे, मग मी, आणि मागे बाबा दिसेनासे व्हायचे. वळणावर आम्ही उभ्या. बऱ्याच वेळाने झाडांतून त्यांची टोपी दिसायची, आणि जवळ येताच ते म्हणायचे, "तो पक्षी पाहिलात का? शेपटी पंख्यासारखी उघडतो लेकाचा." पुढच्या वळणावर पक्ष्याऐवजी शेवाळ. त्याच्या पुढच्या वळणावर एक दगड, ज्यात त्यांना म्हणे लोखंड दिसलं. धाप लागल्याचं कबूल करायचं नाही म्हणून त्या माणसाने अख्खं जंगल कामाला लावलं होतं.

"आई, ही'ज पफ्ड," लेक हळूच म्हणाली.

"दिसतंय मला."

"ही शुडन्ट बी लास्ट. इफ ही फॉल्स, वी वोन्ट नो."

हेच माझ्या मनात मघापासून चाललं होतं. ज्या नियमाने चाळीस वर्षं कुणी हरवलं नाही, त्याच नियमाने आता बाबा हरवले असते. शेवटचा माणूस धडधाकट असेल तरच तो नियम चालतो.

"मग तू सांग त्यांना," मी म्हटलं.

"यू टेल हिम. ही'ज युअर डॅड."

दोघींपैकी कुणीच सांगितलं नाही. वळणावळणावर थांबत, गारठत, दुपार कलायच्या आत कशाबशा झोपडीशी पोचलो. पाठोपाठ बाबा आले. ओठ किंचित निळे, पण म्हणाले, "वा, जागा झकास आहे."

झोपडी म्हणजे लाकडी घरच. आत लोखंडी शेगडी, भिंतीला लागून फळ्यांचे बंक, कुलूप नाही. येईल त्याने राहायचं, आणि जाताना पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवायची. आमच्या आधी एक वयस्कर गोरं जोडपं येऊन बसलं होतं. शेगडी पेटलेली होती. "किया ओरा," त्या बाईंनी इथल्या माओरी भाषेतला नमस्कार केला. बाबांनी हात जोडले आणि ऐटीत "किया ओरा" परत केलं. थोड्या वेळात दशम्या शेगडीवर गरम झाल्या, तुपाचा वास सुटला, आणि बाबांनी त्या दोघांना आग्रह करकरून वाढलं. त्या गृहस्थांनी लसणाची चटणी चमचाभर तोंडात टाकली, खोकले, डोळे पुसले आणि आणखी मागितली. बाबा खूश. पुण्याहून आल्यापासून त्यांनी कुणाला वाढलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. आमच्या घरी सगळं ताट आम्हीच त्यांच्यासमोर आणून ठेवायचो.

झोपण्याआधी बाबांनी त्यांचे बूट दाराबाहेर नीट जोडीने मांडले, देवळाच्या पायरीशी मांडतात तसे. बाकी सगळ्यांनी आपले बूट आत खिळ्याला टांगले होते. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, आणि आमच्याही.

सकाळी बाहेर कसली तरी ओढाताण चाललेली ऐकू आली. दार उघडून पाहते तर कठड्यावर केआ, इथला डोंगरी पोपट. हिरवा, कोंबडीएवढा, चोच विळ्यासारखी. पायाखाली बाबांच्या बुटातला आतला तळवा दाबून तो त्याच्या चिंध्या करत होता. मी हाकललं तर उलट माझ्याकडेच वैतागून बघायला लागला. बाबा मागून आले, उरलेला बूट उचलून त्यांनी चहूबाजूंनी पाहिला. मला वाटलं आता चिडतील.

"देवळातून चप्पल चोरीला गेली की पनवती जाते म्हणतात," ते म्हणाले. "माझी आज अर्धी गेली."

लेकीने झोपायच्या फोमच्या चटईचा तुकडा कापून बुटात बसवून दिला. रात्री बाहेर हलका बर्फ पडून गेला होता. झाडांखालची वाट पांढरी झाली होती, आणि खिंड गाठायची तर निघायला हवं होतं. पिशव्या पाठीवर चढल्या. बाबा सवयीने बाजूला सरून आमच्या पुढे जाण्याची वाट बघत उभे राहिले.

"आजोबा," लेक म्हणाली, "टुडे आय नीड यू इन फ्रंट."

"मी शेवटी असतो."

"आय नो. बट द ट्रॅक'स कव्हर्ड." तिने झाडावर ठोकलेला छोटा नारिंगी त्रिकोण दाखवला. इथे वाट अशा त्रिकोणांनी दाखवतात. एक दिसला की तिथपर्यंत जायचं, मग पुढचा शोधायचा. "समवन हॅज टु फाइंड दीज. यू हॅव द बेस्ट आइज."

"आणि शेवटी कोण?"

"मी."

बाबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. हा माणूस नाकावर माशी बसू देत नाही, आता 'मग मी इथेच बसतो' म्हणणार, ह्याची मला खात्री होती. त्यांनी पिशवीचा पट्टा आवळला.

"बरं," म्हणाले आणि चालू लागले.

तो दिवस माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर दिवसांपैकी एक. बाबा पुढे, मी मध्ये, लेक शेवटी. सगळ्यांची चाल एकच, बाबांची. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं, कुणी कुणाच्या मागे धावत नव्हतं. खुणेचं झाड दिसलं की बाबा काठी उंचावून ओरडायचे, "त्रिकोण!" आणि मागून लेक ओरडायची, "स्वीट ॲज, आजोबा!" म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत 'एकदम झकास'. बर्फावरून मऊ ऊन घरंगळत होतं. एक लहानसा करडा पक्षी आमच्या बुटांच्या आजूबाजूला उड्या मारत बराच वेळ सोबतीला आला. कितीतरी वर्षांत मी एवढं सावकाश चालले नव्हते. हॉस्पिटलात धाव, घरी धाव, गाडीत सिग्नललासुद्धा पाय वळवळत असतो. त्या दिवशी मला बाबांची पाठ दिसत होती, आणि मला आठवलं की लहानपणी ती कधी दिसलीच नव्हती. ते कायम मागे असायचे.

झाडं संपली, मग गवत, मग नुसते दगड आणि बर्फ. खिंडीत पोचलो तेव्हा वारा पडला होता. पलीकडे डोंगरांमागे डोंगर, सगळे पांढरे, आणि त्यात माणसाची एकही खूण नाही. थर्मासमधला चहा ओतला, स्टीलचा डबा उघडला. लेक लाडू तोंडात टाकून फोटो काढायला जरा पुढच्या उंचवट्यावर गेली. मी आणि बाबा एका दगडाच्या आडोशाला बसलो.

"पोरगी तयार आहे," बाबा म्हणाले.

"कशात?"

"तुला कळलं नाही?" ते हसायला लागले. "अगं, मोतीबिंदू काढलेल्या म्हाताऱ्याचे डोळे म्हणे सगळ्यांत चांगले!"

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"आपल्या गटात कारखान्यातले ते जाडे काका यायचे, आठवतात?"

आठवत होते. दर पावलाला 'हुश्श' करणारे. आणि बाबा दर वेळी त्यांना सगळ्यांच्या पुढे पाठवायचे. गडावरची पाण्याची टाकी शोधायचं काम त्यांच्याकडे. मला लहानपणी ह्याचा राग यायचा. एवढ्या हळू माणसाला पुढे कशाला?

"टाकी कुठे आहे ते मला आधीच ठाऊक असायचं," बाबा म्हणाले. "जो सगळ्यांत हळू, तो पुढे. मग सगळे त्याच्या चालीने चालतात आणि कुणी मागे पडत नाही. पण त्याला हळू म्हणून पुढे ठेवलंय हे जाणवू द्यायचं नाही. काही तरी काम द्यायचं. कुणाला टाकी, कुणाला बॅटरी, कुणाला नकाशा."

"आणि त्यांना कळायचं?"

"काहींना कळायचं. कळलेली माणसं पण काही बोलायची नाहीत." त्यांनी बोटांवरचा लाडवाचा चुरा झटकला. "मला तर सकाळी झोपडीच्या दारातच कळलं. ही युक्ती मी ह्या पोरीला कधी शिकवली नाही. तिची तिला सुचली." त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. वाऱ्याने, असं म्हणाले, पण वारा पडलेला होता.

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, जमलं. नातीवर एवढा जीव बसला, आता हे कुठे जातात! पण विचारायला तिथे थांबता आलं नाही, पश्चिमेकडून ढग चढत होते. परतताना आणि दुसऱ्या दिवशी नदीपर्यंत उतरताना बाबा न सांगता पुढे झाले. आता वाट उघडी पडली होती, खुणा शोधायची गरज नव्हती, तरी ते त्रिकोण पुकारत राहिले.

गाडीशी पोचल्यावर लेक बूट धुवायला ओहोळावर गेली. आम्ही दोघं गाडीत बसलो. मी हीटर लावला. काचा धुरकट झाल्या.

"मग? राहताय ना?" मी विचारलं.

"मी मे महिन्यात जाणार."

माझा पारा चढला. "तिने एवढं केलं तुमच्यासाठी, तरी?"

"तिने केलं म्हणूनच सांगतोय. नाही तर आणखी काही दिवस बघू, बघू करत बसलो असतो." बाबा सावकाश बोलत होते. "इथे तुम्ही सगळे माझ्या चालीने चालता. तू ड्यूटी बदलून घरी लवकर येतेस. जावई मला देवळात सोडतो, परत आणतो. पोरगी हे असं करते. छान करता, मन लावून करता. पण ह्या देशात माझ्यापेक्षा हळू चालणारं मला कुणी भेटलं नाही."

"आणि तिकडे कोण आहे?"

"तिकडे आहेत." त्यांचे दोन मित्र. एकाचे गुडघे बदललेले, दुसऱ्याचा डावा पाय अर्धांगाच्या झटक्यानंतर ओढत पडतो. आई आजारी पडेपर्यंत बाबा त्या दोघांना रोज सकाळी टेकडीवर न्यायचे. "मी नसलो की ते खालच्या बाकावर बसतात आणि तिथूनच घरी जातात. वर जात नाहीत. परवा फोनवर म्हणाले, तू आलास की जाऊ."

मी स्टेंटचा विषय काढला, जिन्यांचा काढला, रिकाम्या घराचा काढला. हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकांना समजावते त्या आवाजात सगळं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एकाही गोष्टीला नाही म्हणाले नाहीत, आणि निर्णयही बदलला नाही.

"आणि मी?" शेवटी माझ्या तोंडून निघालं.

"तुझं काय?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "तू जोरात चालतेस. तुझी मला कधीच काळजी नव्हती."

हेच वाक्य जन्मभर मी पदकासारखं मिरवलं होतं. त्या दिवशी ते ऐकून मला रडू कोसळलं. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी लहान मुलीसारखी रडले.

"मलाही दम लागतो, बाबा," मी म्हटलं. "आई गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. आल्या क्षणापासून मी तुमच्या गोळ्या लावत होते, येणाऱ्याजाणाऱ्यांना चहा देत होते. मला रडायलासुद्धा कुणी बसवलं नाही. सगळे म्हणत होते, ही खंबीर आहे. तुम्हीपण म्हणालात."

बाबांनी हात पुढे केला आणि माझ्या पाठीवर ठेवला. तो बराच वेळ तिथेच होता.

"आधी कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही सगळ्यांच्या मागे असायचात आणि मी सगळ्यांच्या पुढे. कसं सांगणार?"

तेवढ्यात लेकीने ओल्या हाताने काच वाजवली. "यू टू ओके?" मी दार उघडलं, डोळे पुसले आणि तिला खरं काय ते सांगितलं, की आजोबा परत जाताहेत. ती मागच्या सीटवर बसली आणि क्राइस्टचर्च येईपर्यंत त्यांच्या खांद्यावर मागून हात ठेवून राहिली.

मे महिन्यात बाबा गेले. मी अडवलं नाही. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. लेक क्राइस्टचर्चला इंजिनिअरिंगला गेली, घर मोठं आणि शांत झालं. बाबा अजून दुसऱ्या मजल्यावर राहतात, आणि मला अजून फोनची धास्ती वाटते, हे काही बदललेलं नाही. दक्षिणेकडून गार वारा आला की मला ती पांढरी वाट आठवते, बाबांची पाठ आठवते, आणि पुन्हा तसं सावकाश चालायला मिळावं असं फार वाटतं.

रविवारी त्यांचा फोन येतो. पूर्वी ते आधी हवा विचारायचे, मग नातीचा अभ्यास, मग जावयाचं काम. माझा नंबर लागायचाच नाही. आता पहिलाच प्रश्न असतो, "दमलीस का?" सुरुवातीला माझ्या तोंडून सवयीने निघायचं, छे, कुठे! हल्ली मी खुर्ची ओढून बसते आणि सांगते, हो बाबा, आज फार दमले. ते उपाय सांगत नाहीत, घाई करत नाहीत. मी पुढचं बोलेपर्यंत फोन कानाला लावून नुसते थांबतात.